मुंबईच्या घरातली होमलॅब: आधी वीज, हवा आणि वायर बघा

पोटमाळा

होमलॅबचा, म्हणजे शिकायला आणि वापरायला घरीच चालवलेल्या सर्व्हरचा, विषय निघाला की चर्चा लगेच प्रॉक्समॉक्स घ्यावं की साधं डेबियन, डॉकर बरं की वेगळी व्हर्च्युअल मशीन, या सॉफ्टवेअरच्या वळणावर जाते. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्याच्या खालच्या थराबद्दल लिहायचंय. घरी सर्व्हर चालवताना आणि इमारतीतले, नात्यातले पीसी बघताना माझं एक मत पक्कं होत गेलं. सॉफ्टवेअरची म्हणून आलेली तक्रार बऱ्याचदा अर्थिंग, एसएमपीएस (पीसीतला वीजपुरवठ्याचा डबा), वायर, बॅटरी किंवा दमट हवा यांपैकी कशाची तरी असते. म्हणून तपासणी खालून वर करावी. विंडोज फॉरमॅट मारणं हा अगदी शेवटचा उपाय. आपल्याकडे तो पहिला केला जातो आणि त्यात लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो जातात, याचा मला मनापासून राग येतो.

आधी मशीनबद्दल. वनरूम किचन किंवा वनबीएचके घरात रॅक सर्व्हरचा विचारही करू नका. आवाज, उष्णता आणि वीजबिल, तिन्ही अंगावर येतात. ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप, म्हणजे डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी किंवा एचपीचे एलिटडेस्क मिनी, लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइनही सेकंडहँड मिळतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली मशीन ऑफिसं काढून टाकतात. लिनक्सला ती उत्तम चालतात. घेताना दुकानातच चालू करून बघा, बायोसला पासवर्ड नाही ना ते तपासा आणि अॅडॅप्टर मूळचाच आहे याची खात्री करा.

विजेचा हिशोब सोपा आहे. चोवीस तास चालणारा प्रत्येक वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. मिनी पीसी निवांत असताना १० वॉट घेत असेल तर वर्षाला सुमारे ८८ युनिट. जुना टॉवर सर्व्हर १०० वॉट घेत असेल तर ८७६, म्हणजे महिन्याला ७३. पुरवठा बेस्टचा असो, अदानीचा की टाटाचा, घरगुती बिल १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतं. तेव्हा हे जादाचे युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. सरासरी दराने हिशोब केला तर तो कमी दिसतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या इमारतींत सर्रास ऐकू येते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन कपॅसिटर असतात. एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला. अर्थ नीट असेल तर त्यातून झिरपणारा बारीक करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी कमी असल्यामुळे माणसाला सहसा नुसती झिणझिण जाणवते. पण त्या पीसीला एचडीएमआय किंवा यूएसबी जोडताना हाच फरक दुसऱ्या उपकरणाच्या पोर्टमधून वाट काढतो. स्पीकरमध्ये घरघर, टचपॅड उड्या मारणं, कधी जळालेला पोर्ट. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकून काही होणार नाही. मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट. हे स्वतः मोजण्याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला समोर बसवून मोजून घ्या.

मग हवा. जून ते सप्टेंबर मुंबईत आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि समुद्राजवळ हवेत मीठही असतं. माझा अनुभव असा की चोवीस तास चालणाऱ्या मशीनला पावसाचा त्रास कमी होतो, कारण ते आतून उबदार राहतं आणि बोर्डावर ओल धरत नाही. कपाटात बंद ठेवलेला जादा पीसी मात्र पावसाळा संपल्यावर हमखास रुसतो. त्याला महिन्यातून काही वेळा दोन-तीन तास चालू ठेवा. माळ्यावर, गाद्यांच्या शेजारी सर्व्हर ठेवू नका. तिथे हवा फिरत नाही. कपाटाच्या वर, भिंतीपासून जरा अंतर ठेवून चांगलं चालतं.

एक छोटी गोष्ट, जिच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळा बोलावला जातो. "कुठलीच वेबसाइट उघडत नाही, सगळीकडे कनेक्शन सुरक्षित नाही असं येतं." कोपऱ्यातलं घड्याळ बघावं. तारीख भलत्याच वर्षाची असते. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. ती उतरली की पीसी बंद असताना घड्याळ विसरतं, आणि तारीख चुकली की वेबसाइटची प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची ठरतात. बॅटरी किराणा दुकानातसुद्धा मिळते. याच तक्रारीसाठी अँटिव्हायरस विकत घ्यायला लावलेली माणसं मी पाहिली आहेत.

"नेट बंद आहे" यावर माझा क्रम ठरलेला आहे. आधी राउटरला पिंग. तो आला तर १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला पिंग. तोही आला तर एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग. पहिलाच अडला तर घरातली वायर किंवा वायफाय, दुसरा अडला तर बाहेरची लाइन, तिसरा अडला तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा. एवढं करून कस्टमर केअरला फोन लावला की बोलणं फार लवकर संपतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः जुन्या इमारती आणि समुद्राजवळचे.

खारावारा

उत्तम धागा. वर्सोव्याला राहतो, त्यामुळे मिठाबद्दल लिहिलंत ते रोज बघतो. पहिल्या पावसानंतर पीसी चालू होत नाही, नुसते बीप येतात, अशा केसेसमध्ये मी आधी रॅम काढतो, पांढऱ्या खोडरबराने सोनेरी पट्टी पुसतो आणि परत बसवतो. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. खाडीच्या किंवा नाल्याच्या काठावर अजून एक त्रास आहे. तिथल्या वायूतल्या गंधकाने तांब्या-चांदीचे संपर्क काळे पडतात. तिथे नुसतं पुसून काही महिनेच चालतं.

डेबियनवाला

खारावारा, खोडरबराला माझा विरोध आहे. रॅमच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, खोडरबर तो खरवडतं, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्क्यांचं. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं. लिंट न सुटणारा कपडा, दोनदा पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. आणि रॅम बसवल्यावर मेमटेस्ट८६+ किमान एक पूर्ण फेरी चालवा. बीप थांबले म्हणजे रॅम ठीक आहे असं होत नाही.

खारावारा

मुलाम्याचं मान्य. वर्षातून एकदा हलक्या हाताने पुसण्यात मला अजून तोटा दिसलेला नाही, पण मेमटेस्टचं पटलं. तो चालवतच नव्हतो.

गिरगावचा जिना

आमची इमारत जुनी, मीटरच्या खोलीपासून वर फक्त दोनच वायर आल्या आहेत. कॅबिनेटला झिणझिण आहेच. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थची पिन आतून जोडून देतो, झिणझिण जाईल. करावं का?

पोटमाळा

अजिबात करू देऊ नका. झिणझिण जाईल हे खरं, पण उद्या त्याच न्यूट्रलची वायर कुठे तुटली किंवा सैल झाली तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतील, तेही मागे भरपूर करंट घेऊन. त्याला हात लावणारं तुमच्या घरातलंच कुणीतरी असणार. मीटरच्या खोलीत अर्थची पट्टी आहे का ते सोसायटीकडे विचारा. असेल तर तिथून वेगळी हिरवी वायर ओढून आणणं हाच उपाय. इमारतीच्या बाहेरून ओढता येते. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच करा, पैसे वाचवायची ही जागा नाही.

गिरगावचा जिना

बरं झालं विचारलं. सेक्रेटरींशी बोलतो.

तिसरी विंग

मुलुंडहून. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, राउटरजवळ मोबाइलवर २८० येतात, पण आतल्या खोलीतल्या पीसीवर वायर जोडूनही ९४ च्या वर जात नाही. इंटरनेटवाला म्हणतो पीसी जुना झाला. पीसीचं लॅन कार्ड गिगाबिट आहे. विंडोज नवीन टाकू का?

पोटमाळा

९४ हा आकडाच उत्तर सांगतो. १०० एमबीपीएसच्या लिंकवर प्रत्यक्षात मिळणारा वेग बरोबर ९४-९५ असतो. नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १०० दिसेल. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी जोडी तुटली, जॅकमध्ये नीट क्रिंप झाली नाही किंवा भिंतीतल्या पाइपमध्ये ताणली गेली की कार्ड गुपचूप १०० वर उतरतं आणि बाकी सगळं सुरळीत चाललेलं दिसतं. आधी छोटी तयार केबल घेऊन पीसी राउटरशेजारी नेऊन जोडा. तिथे १००० आलं तर दोष भिंतीतल्या वायरचा. दोन्ही टोकांचे जॅक नव्याने क्रिंप करून बघा. तरीही नाही आलं तर वायर बदला आणि कॅट६ शुद्ध तांब्याची आहे का ते विचारून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर खूप आहे. ती वाकवली की लवकर तुटते. पात्याने कापल्यावर आत चंदेरी दिसली तर परत करा.

तिसरी विंग

लिंक स्पीड १०० च होती. खोलीतल्या बाजूचा जॅक उघडला तर तपकिरी जोडीतली एक तार आत पोचलीच नव्हती. क्रिंपिंग टूल शेजाऱ्यांकडे मिळालं. आता २९० येतात. विंडोज तसंच आहे.

सातबारा

मला मशीनच्या आतलं फार कळत नाही, पण होमलॅबचा आमच्या घराला झालेला मोठा उपयोग सांगते. सासऱ्यांकडे गावच्या जमिनीचे सातबारे, फेरफार, सोसायटीच्या पावत्या, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं पिशव्यांमध्ये होतं. मुलाने मिनी पीसीवर पेपरलेस-एनजीएक्स टाकून दिलं. स्कॅन केलं की ते कागद वाचून घेतं आणि नंतर गटक्रमांक टाइप केला की नेमका कागद पुढे येतो. सुरुवातीला मराठी कागदांचं निव्वळ चिन्हांचं कडबोळं येत होतं. कारण त्यातलं अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट मुळात इंग्रजीवर लावलेलं असतं. मराठीची भाषा-फाइल घालून सेटिंग मराठी अधिक इंग्रजी केलं, स्कॅन ३०० डीपीआयवर घेतले, मग छापील मराठी चांगलं वाचायला लागलं. हाताने लिहिलेले जुने फेरफार मात्र त्याला वाचता येत नाहीत. त्यांना आम्ही स्वतः शीर्षक देतो.

अजून एक अडचण सुटलेली नाही. काही पीडीएफ दिसतात मराठीत, पण शोधलं तर सापडत नाहीत.

डेबियनवाला

ताई, त्या पीडीएफ बहुतेक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेल्या असणार. पडद्यावर 'क' दिसतो पण फाइलमध्ये त्या जागी एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. पेपरलेसला वाटतं यात मजकूर आधीच आहे, म्हणून ते ओसीआर (चित्रातून अक्षरं वाचणं) करतच नाही. मुलाला सांगा, ओसीआरची पद्धत अशा फाइलींपुरती 'फोर्स' करायची. मग ते पानाचं चित्र करून नव्याने वाचतं. 'रिडू' ने काम होणार नाही, ते दिसणारा मजकूर तसाच ठेवतं. फाइल थोडी मोठी होईल. मूळ फाइल पेपरलेस वेगळी जपून ठेवतंच.

सातबारा

झालं! दोन जुन्या ठरावांच्या फाइली लगेच सापडल्या. तुमचे आणि मुलाचे दोघांचेही आभार.

हार्बर लाइन

प्रामाणिक प्रश्न. महिन्याला थोडे पैसे भरून क्लाउडवर फोटो, कागद सगळं ठेवता येतं. अर्थिंग, यूपीएस, पुसापुशी एवढं करून घरी सर्व्हर कशासाठी?

पोटमाळा

नुसती साठवणूक हवी असेल तर क्लाउड घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. मी होमलॅब चालवतो कारण यात प्रत्येक थर हाताला लागतो. डीएनएस म्हणजे काय हे मला पाय-होल (जाहिराती अडवणारा घरचा डीएनएस) लावल्यावर खऱ्या अर्थाने कळलं. राउटरने दुय्यम डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता दिला तर काही उपकरणं वाटेल तेव्हा तिकडेच जातात, मग जाहिराती येत राहतात. दुय्यम म्हणजे पहिला पडल्यावरचा राखीव, असं उपकरणं मानतातच असं नाही. हे लावून, वागणूक बघून समजतं. माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं यावर शिकतात, वाट्टेल ते मोडतात, स्नॅपशॉटवरून परत उभं करतात. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ही मोकळीक मिळत नाही.

आणि घरच्या सर्व्हरवर आहे म्हणून सुरक्षित आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर ठेवलेल्या मशीनला आणि तिच्या शेजारीच ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कला अशा दिवशी सारखाच धोका. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत पुण्याला भावाकडे आहे, रोज रात्री एन्क्रिप्ट होऊन जाते. रेड (एकच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिणं) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतं.

हार्बर लाइन

शिकण्याचा मुद्दा पटला. पुण्याला कसं पाठवता? आमच्या इंटरनेटवाल्याकडे पोर्ट फॉरवर्डिंग करून पाहिलं, बाहेरून काहीच उघडत नाही.

डेबियनवाला

राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, तुमच्या राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी तिथवर पोचत नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर ते वापरा. नाहीतर टेलस्केलसारखं व्हीपीएन, किंवा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन. वायरगार्ड लिनक्स कर्नलमध्ये ५.६ पासून आहे, कर्नलचं वेगळं मॉड्यूल बसवायला नको. कनेक्शन घरातून बाहेर जातं, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही.

दुपारचं ऊन

तातडीचं आहे. वडिलांच्या पीसीतली जुनी १ टीबीची हार्ड डिस्क खूप हळू झाली आहे, फोटोंचा फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, मधेच अडकतो. दुकानातून सांगितलं की चेकडिस्क चालवा नाहीतर फॉरमॅट करू. दुसरी प्रत नाही.

पोटमाळा

पीसी लगेच बंद करा. चेकडिस्क चालवू नका. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करायला डिस्कवर लिहितं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. टकटक असा आवाज येतोय का, ते आधी सांगा. येत असेल तर घरी काहीच करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जा. तो खर्च मोठा असतो, पण डिस्कचं हेड बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी चालू करण्याने पृष्ठभाग खरवडला जातो.

आवाज नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करा, डिस्क माउंट न करता स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे) आकडे बघा आणि ५, १९७, १९८ आणि १९९ या क्रमांकांसमोर काय आहे ते इथे लिहा.

दुपारचं ऊन

आवाज नाही. ५ समोर २४, १९७ समोर ३१२, १९८ समोर ३१२, १९९ समोर ०.

पोटमाळा

१९९ शून्य आहे, म्हणजे साटा केबलचा दोष दिसत नाही. ३१२ सेक्टर वाचताना अडताहेत. डिस्कच खराब होतेय, पण बहुतेक भाग अजून वाचता येईल अशी आशा आहे. जास्त क्षमतेची नवी डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून डेटा उचलणारं साधन) पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा, मॅप फाइलसकट. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून पुढे जायला सांगा, सोपं आहे ते आधी पदरात पडतं. मग दुसऱ्या फेरीत अडलेल्या जागा. जुनी डिस्क उभ्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, गरम होऊ देऊ नका. वीज जाण्याची भीती असेल तर पीसी यूपीएसवर घ्या. मधे थांबलं तरी मॅप फाइलमुळे तिथूनच पुढे सुरू करता येतं. उद्योग रात्रभर चालेल.

खारावारा

यूपीएस निघालाच आहे तर सांगतो, त्याची लेड-अॅसिड बॅटरी तपासून घ्या. दर दहा अंश वाढीव उष्णतेला या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे तो टेबलाखाली भिंतीला चिकटून असतो. प्लग काढून पाच मिनिटं लोडवर चालतो का बघा. त्याच्या भरवशावर रात्रभर डिस्क सोडायची असेल तर हे आजच.

दुपारचं ऊन

यूपीएस दीड मिनिटात बसला, बरं झालं आधीच बघितलं. शेजाऱ्यांचा आणला. पहिली फेरी पूर्ण, जवळजवळ सगळं आलं. दुसरी फेरी चालू आहे. फोटो बघायला हात शिवशिवताहेत.

पोटमाळा

फेरी संपू द्या. मग प्रतिमेची अजून एक प्रत काढा आणि सगळं काम त्या प्रतीवर, फक्त वाचण्यापुरतं माउंट करून. फोल्डर नीट उघडले तर फोटो सरळ बाहेर कॉपी करा. एखादा फोल्डर उघडला नाही तर त्या प्रतीवरच फोटोरेक चालवा. ते फाइलींची नावं परत आणत नाही, पण फोटोतली तारीख फोटोच्या आतच असते, त्यावरून लावता येतात. जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, टाकूनही देऊ नका, लेबल लावून बाजूला ठेवा. आणि वडिलांनी सगळे अल्बम उघडून बघेपर्यंत ती दुकानदाराच्या हातात देऊ नका.

दुपारचं ऊन

फोल्डर उघडले. २००९ पासूनचे सगळे आहेत. सात फोटो अर्धे करडे येताहेत, बाकी ठीक. बाबा आत बसून एकेक बघताहेत. दुसरी प्रत आज रात्रीच काढतोय, तिसरी नाशिकला बहिणीकडे पाठवायची आहे. डिस्क कुरिअरने पाठवताना काय काळजी घ्यावी?

डेबियनवाला

पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, पासवर्ड फोनवर सांगा, डब्यात लिहून ठेवू नका. अँटिस्टॅटिक पिशवी, त्याभोवती चारही बाजूंनी दोन इंच फोम, आणि पाठवण्याआधी सगळ्या फाइलींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) काढून तुमच्याकडे ठेवा. नाशिकला पोचल्यावर बहिणीला तेच पुन्हा काढायला सांगा. जुळले की प्रत धरायची.